यंत्र चालू आहे

॥ श्री ॥
नशिराबाद,
१४ मार्च १९९६

चि. मगनभाऊजी यांस,
कमलवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमननं नेमकं ह्यांच्याच हातात दिलं. ह्यांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं, पत्र न फोडता ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "पक्की नोकरी लाथाडणाऱ्याचं पत्र हाये. ज्याले वाचायचं त्यानं वाचा." म्हणून मी वाचलं. स्वयंपाकघरात, पण जरा मोठ्यानं. ते ओट्यावरून उठले नाहीत, एवढं तुम्हाला कळवते.

भाऊजी, दीपनगरच्या वीज केंद्रात तुम्हाला चिकटवायला तुमच्या भावानं कोणाकोणाच्या दारात टोपी काढली ते तुम्ही पाहिलेलं नाही, मी पाहिलं आहे. ज्या माणसानं जन्मात कोणाला "साहेब" म्हटलं नाही, तो एका कारकुनाला साहेब म्हणत होता. तीन वर्षांत तुम्ही ती नोकरी सोडली, तेही धुळ्याच्या कोणा रतिलालशेठच्या कारखान्यासाठी. तिथे संगणक जोडतात म्हणता. जोडतात म्हणजे काय ते मला कळलं नाही. मॅट्रिकला आम्हाला विज्ञानात विजेची घंटा होती, त्यापुढे माझी मजल नाही.

तुम्ही तीन वर्षांचे असताना मी या घरात आले. माझ्या पोटी देवानं मूल दिलं नाही, तुम्हालाच हातानं भरवलं. त्या हक्कानं विचारते, तुम्ही तिथे नेमकं करता काय? मला कळेल असं लिहा. मला कळलं तर ह्यांना सांगता येईल.

आंतर्देशीय पत्र आहे, जागा संपली. समासातही लिहिलं आहे, पत्र आडवं धरून वाचा. एकादशीचा उपास सोडताना दूध घेत जा.

कमलवहिनी

*

धुळे,
२५ मार्च १९९६

ती. सौ. कमलवहिनी यांस,
मगनचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून जीव थोडा हलका झाला. सांगतो.

रतिलालशेठनं मुंबईहून नाव-गाव नसलेले संगणकाचे पाट घाऊक आणलेत. पाट म्हणजे हिरवी पाटी, तिच्यावर सगळ्या चिपा बसवलेल्या असतात. एका यंत्राला चार पडदे आणि चार कीबोर्ड जोडायचे, म्हणजे चार मुनीम एकाच यंत्रावर बसतील. कापसाचे जिनिंगवाले, केळीचे आडते, सगळ्यांना स्वस्तात पडेल. त्यासाठी लिनक्स नावाची एक सिस्टिम आम्ही वापरतो. ती फुकट मिळते आणि तिचं पोट उघडून पाहता येतं, दुरुस्तही करता येतं. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. माझं काम त्या गाभ्याचं.

कर्नल म्हणजे घरातल्या तुम्ही. कोणाला कोणतं भांडं द्यायचं, चुलीवर आधी काय चढवायचं, कोणाचं ताट कोणाच्या ताटात जाऊ द्यायचं नाही, हे सगळं तो बघतो. पण यंत्र सुरू केलं की तो आधी उठत नाही. आधी उठतो तो बायॉस, म्हणजे कारखान्यानं एका चिपेत भाजूनच ठेवलेला लहानसा प्रोग्रॅम. तो मला पुसता येत नाही, बदलता येत नाही. तो उठून कर्नलला सांगतो, मेमरी एवढी, डिस्क एवढी, कीबोर्ड तयार. त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून कर्नल संसार मांडतो.

आणि वहिनी, हा बायॉस धडधडीत खोटं बोलतो. कीबोर्डची चिप "झालं" म्हणते तेव्हा झालेलं नसतं. कर्नल पुढे निघून जातो आणि यंत्र जागच्या जागी मरतं. मी दोन आठवडे माझ्याच कामात चूक शोधत होतो. शेवटी कर्नलमध्ये लिहिलं, हा पाट असेल तर पहिल्या "हो"वर विश्वास ठेवू नकोस, थांब, पुन्हा विचार. यंत्र चालू झालं! परदेशातले लोकही असंच करतात. अशा लबाड्यांना ते नुसतं खोड म्हणतात. बायॉसला खोड असली तर कर्नलनं ती ओळखून वागायचं, दुसरा इलाज नाही.

भाऊंना सांगा, एकदा चारही पडदे चालले की मी त्यांना घ्यायला येईन. त्यांनी माझ्याशी बोलू नये, पण यंत्र बघावं.

तुमचा,
मगन

*

॥ श्री ॥
नशिराबाद,
१८ एप्रिल १९९६

चि. मगनभाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

खोड मला लगेच कळली. आपल्या शेजारच्या बेबाबाईंना दळणाला हाक मारा, "आले, आले" म्हणतात आणि तेव्हा अजून वेणीसुद्धा घातलेली नसते. मी त्यांना दोनदा हाक मारते, तुमचं यंत्र तेच शिकलं म्हणायचं.

पत्र वाचून दाखवलं. हे माझ्याकडे पाठ करून सुतळी वळत बसले होते. "मले नको सांगू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारतात कसे, "मंग त्या कीबोर्डचं काय झालं? आता खरं बोलते का?" मी हसले तर ताटावरून उठले.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. जीवरामआबा आले होते. भाऊबंदात तेच थोर, त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. त्यांनी विषय काढला की यंदा श्रावणात कानबाईच्या रोटाला मगनचे गहू घ्यायचे की नाही. आपल्याकडे देवीच्या त्या नैवेद्याला घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ घेतात. पलटणीत असलेल्याची घेतात, परमुलखात गेलेल्याची घेतात. फक्त वेगळा निघाला त्याची घेत नाहीत. आबा म्हणाले, "घरच्याले न विचारता नोकरी सोडली, घरच्याले न विचारता गाव सोडलं. हा वेगळा निघालाच की." आणि हे म्हणाले, "श्रावणापर्यंत काही दाखवलं तर पाहू. नाहीतर नाही."

भाऊजी, एकदा नाव गळलं की ते परत घालताना किती तोंडं उघडतात ते तुम्ही जाणता. श्रावणाआधी एक तरी यंत्र कोणाच्या दुकानात चालू द्या. मी रोज दिवा लावताना एवढंच मागते.

ह्यांना मळ्यातून येताना हल्ली धाप लागते. पित्त आहे. काळजीचं नाही.

कमलवहिनी

*

धुळे,
१९ मे १९९६

ती. सौ. वहिनी यांस शि. सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला.

पाटांचा दुसरा माल आला. पडद्यावर उमटणारं नाव तेच, तारीख तीच, पण आत चिप दुसरी. पहिल्या मालासाठी लिहिलेला उपाय याला विषासारखा लागला. मी नावावरून पाट ओळखत होतो. आता एका नावाचे दोन जण निघाले. शेठला सांगितलं तर म्हणतात, "मगनभाई, नाम एक है तो माल एक है." मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, विंडोज चालतं ना, मग आमच्याकडे बोट दाखवू नका. हे मात्र खरं. ज्यांची सिस्टिम सगळे वापरतात तिच्या तालमीत पाट तयार होतो, आमच्यासारख्यांना जे उरतं ते.

तेही सोडवलं. पण एक नवंच सुरू झालं आहे. सावद्याजवळच्या एका केळीच्या आडत्याकडे पहिलं यंत्र बसवलं. सकाळभर चारही मुनीम खुश. दुपारी जेवून येतात तर कधी पडदा गोठलेला, कधी एका शेतकऱ्याचा माल दुसऱ्याच्या नावावर. रोज नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी. यंत्र परत आणलं, कारखान्यात चालवलं. रात्रंदिवस समोर बसलो, एक क्षण त्याला मोकळं सोडलं नाही, सारखं काहीतरी टाइप करत राहिलो. एकदाही चुकलं नाही. परत नेऊन बसवलं तर दुसऱ्याच दिवशी दुपारी तेच.

आडत्या म्हणाला, "तुमचं यंत्र तुमच्यासमोर सोवळं पाळतं."

मला झोप लागत नाही वहिनी. चूक समोर आली तर तिच्याशी झुंजता येतं. ही माझ्याकडे पाहून लपते.

भाऊंना यातलं काही सांगू नका.

मगन

*

॥ श्री ॥
नशिराबाद,
१५ जून १९९६

चि. मगनभाऊजी यांस अनेक आशीर्वाद.

तुम्ही सांगू नका म्हणालात, मी सांगितलं नाही. पत्र वाचताना मधलं सगळं गाळलं आणि पुढचं वाचलं. हे म्हणाले, "यावेळी लईच लहान पत्र लिव्हलं त्यानं." मी पत्र घडी घालून ठेवलं.

उद्यापासून नाही परवापासून अधिक मास लागतो. मी रोज एक अध्याय वाचायचा नेम धरला आहे, तुमच्या यंत्रासाठी. देवाला यंत्रातलं कळतं की नाही मला ठाऊक नाही, पण लपणाऱ्याला बाहेर काढणं त्याला येतं.

तुमची झोप, तुमचं जेवण कसं आहे? ह्यांचा दम तसाच आहे. जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी गोळ्या दिल्या. हे म्हणतात, "मगनले कळवू नको, त्याचं चित्त कामात असू दे." म्हणून कळवत नाही असं समजा.

श्रावण जवळ येतो आहे. आबा काल पुन्हा विचारून गेले.

कमलवहिनी

*

धुळे,
२० जुलै १९९६

ती. सौ. वहिनी यांस शि. सा. नमस्कार.

कळवायला आनंद वाटतो की यंत्र चालू आहे. चारही पडदे चालतात. शेठ खुश आहेत. कामाचा रेटा मोठा आहे, त्यामुळे कानबाईला येणं जमणार नाही. भाऊंना सांगा, यंत्र चालू आहे.

प्रकृतीची काळजी घ्यावी.

मगन

*

॥ श्री ॥
नशिराबाद,
२८ ऑगस्ट १९९६

चि. मगनभाऊजी यांस अनेक अनेक आशीर्वाद.

आज मुद्दाम दोन आंतर्देशीय पत्रं घेतली. एवढं लिहायचं आहे.

तुमचं यंत्र चालू झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचलं. नागपंचमीच्या आधी एका सकाळी स्वच्छ धोतर नेसून निघाले. जळगावला खत बघायला जातो म्हणाले. दिवेलागणीला परत आले ते दमून, पायरीवरच बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "धुळ्याले गेलो होतो."

मी त्यांच्याजवळ पायरीवर टेकले.

"मंग?"

"पाह्यलं. चालू हाये यंत्र."

"भाऊजी भेटले? जेवलात कुठे? काही बोललात का?"

"तो कामात होता. मी लांबूनच पाह्यलं. कामातल्या माणसाले कशाले उठवायचं."

रात्री जेवले थोडंच. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळाला नथ घातली, लुगडं नेसवलं, सगळे भाऊबंद जमले. गहू घेताना जीवरामआबा एकेक नाव घेत होते. ह्यांचं नाव झालं आणि आबा थांबले. म्हणाले, "मगनचं काय करायचं, सुकदेव?" हे उठले. तुम्हाला ठाऊक आहे, चार माणसांत हे कधी बोलत नाहीत. कानबाईकडे हात केला आणि म्हणाले, "मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं. यंत्र चालू हाये. मगन वेगळा निघाला नाही, कामाले गेला हाये." आणि तुमच्या नावाची मूठ स्वतःच्या हातानं घेतली. आबा म्हणाले, "देवीपुढे बोलला, मंग झालं."

मी तोंडाला पदर लावून मागच्या दारी गेले. भाऊजी, तुमचं नाव राहिलं. आता दिवाळीला या. ते बोलावणार नाहीत, पण वाट बघतील.

कमलवहिनी

*

धुळे,
८ सप्टेंबर १९९६

ती. सौ. वहिनी यांस शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. भाऊ येऊन गेले हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी कामातच असेन.

भाऊंनी आणखी काही सांगितलं का? कारखान्यापाशी त्यांना कोणी भेटलं का? आठवून कळवा.

दिवाळीचं बघतो.

मगन

*

धुळे,
२६ ऑक्टोबर १९९६

ती. सौ. कमलवहिनी यांस,
मगनचा शि. सा. नमस्कार.

वहिनी, सापडली! खोड सापडली!

एक पाट मी माझ्या खोलीवर आणून ठेवला होता. मंगळवारी मला ताप होता, यंत्र चालू ठेवून मी नुसता पडून राहिलो, हात लावला नाही. तासाभरानं मान वळवली तर पडदा गोठलेला. माझ्या डोळ्यांदेखत! बायॉस कर्नलला सांगतो की सगळी मेमरी तुझी. पण शेवटचा एक कोपरा तो गुपचूप स्वतःला ठेवून घेतो. कीबोर्डला बराच वेळ कोणी शिवलं नाही की तो वीज वाचवायला उठतो आणि त्या कोपऱ्यात आपलं काही लिहून ठेवतो. तिथे कर्नलनं कोणाचा माल ठेवला असेल तर तो गेला. मुनीम जेवायला गेले की हे व्हायचं. आणि मी कारखान्यात एक क्षण त्याला मोकळं सोडत नव्हतो! मीच त्याला चुकू देत नव्हतो. माझ्या काळजीनंच ती लपली होती.

उपाय एका ओळीचा आहे. कर्नलला सांगायचं, तो सगळी म्हणाला तरी शेवटचा कोपरा सोडून दे, तिकडे जाऊच नकोस. बस.

तुम्हाला जुलैत जे लिहिलं ते सगळं खरं नव्हतं. त्याबद्दल भाऊंशीच बोलायचं आहे, समोर बसून. त्यांना माझ्याकडून एक गोष्ट ऐकायची आहे आणि मला त्यांच्याकडून. दिवाळीला नक्की येतो. तुमच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन ठेवल्या आहेत. भाऊंचा दम कसा आहे?

तुमचा,
मगन

*

नशिराबाद,
३० ऑक्टोबर १९९६

चि. मगनभाऊजी,

पाकिटावर माझ्या नावामागे सौ. पाहिलं आणि कळलं, तुम्हाला ठाऊक नाही.

हे गेले. गुरुवारी सकाळी. मळ्यात पाणी बघून आले, खाटेवर टेकले आणि पाणी मागितलं. मी घेऊन येईतो संपलं होतं.

तुम्हाला तार केली. कारखान्याच्या पत्त्यावर. जळगावहून फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. संध्याकाळपर्यंत थांबलो. माणसं दर एसटीला फाट्यावर जाऊन उभी राहत होती. दिवस मावळायला आला तेव्हा आबा म्हणाले, आता ठेवता येत नाही. चुलत्याच्या शालिग्रामनं अग्नी दिला. सगळं गाव म्हणत होतं, ज्याच्यासाठी देवीपुढे बोलला तो भाऊ आला नाही. मीही म्हटलं. देवानं मला क्षमा करावी, मीही तुम्हाला मनात बोलले.

नंतर तार परत आली. दार बंद, असं लिहिलेलं. मला वाटलं, सुटीचा दिवस असेल. पण गुरुवारी कसली सुटी? भाऊजी, हे काय आहे?

कोणाला तरी धुळ्याला पाठवा म्हटलं, तर आबा म्हणाले, "तार दिली, फोन केला. आता पाय धरायला पाठवू काय?" मी सुतकात, घराबाहेर पडता येत नाही. हे पत्र पोस्टात टाकायला बेबाबाईंच्या हाती देते आहे.

दहावं शनिवारी आहे. पोचेल तसे या.

कमल

*

पारोळा, एसटी स्टँड,
३ नोव्हेंबर १९९६

वहिनी,

तुमचं पत्र आज मिळालं. आज रविवार. दहावं काल झालं.

आता लपवायचं काही उरलं नाही. कारखाना जूनमध्येच बंद पडला. आडत्यानं यंत्र रस्त्यावर आणून टाकलं, बाकीच्यांनी नको म्हटलं. शेठ पाट भंगारात विकून सुरतला निघून गेले. मी स्टँडजवळच्या एका एसटीडी बूथवर बसतो. खोलीचा पत्ता तुम्हाला कळवला नाही, कळवला असता तर तुम्ही का म्हणून विचारलं असतं. पत्रं कारखान्यासमोरचा चहावाला उखर्डू ठेवून घेतो, मी रविवारी जाऊन आणतो. तार आली तेव्हा तो गावाला गेला होता. गुरुवारी तुम्ही बंद कारखान्यात फोन लावत होतात, तेव्हा मी दिवसभर चार फोनांसमोर बसून होतो.

आता भाऊंचं. तुमचं ऑगस्टचं पत्र वाचून मी उखर्डूकडे धावलो होतो. तो म्हणाला, "श्रावणमा एक बाबा उना व्हता. कुलूपले हात लाईसन उभा ऱ्हायना. मी चहा दिधा. मी सांगं, शेठ पयी गया, मगनभाऊ फोनना बूथवर बसतस. बाबानी सांगं, मी उनू व्हतू हाई त्याले सांगू नको." आपण आल्याचं मला सांगू नको असं त्याला बजावून मग म्हणे भाऊ बूथकडे आले, रस्त्यापलीकडे उभे राहिले, बऱ्याच वेळानं गेले. मी एका गिऱ्हाइकाला जळगावचा नंबर जोडून देत असेन. मी वर पाहिलं नाही.

त्यांनी बंद कुलूप पाहिलं आणि घरी येऊन यंत्र चालू आहे म्हणाले. माझं खोटं त्यांनी आपल्या अंगावर घेतलं. मला वाटलं, खोड शोधून काढीन, निदान एक यंत्र खरोखर चालवीन, आणि दिवाळीला त्यांच्यासमोर ठेवून म्हणेन, भाऊ, आता तुमचा शब्द खरा आहे. दोन महिने त्यासाठीच जागलो. यंत्र चालतं आहे वहिनी. आता खोलीवर, या क्षणी चालू आहे. असा पाट आता बाजारात एकही मिळत नाही. ते कोणाला दाखवू?

नशिराबादच्या एसटीत बसलो होतो. पारोळ्याला गाडी थांबली आणि उतरलो. पुढे जायला पाय उठत नाही. आबांसमोर उभा राहिलो तर तार का मिळाली नाही म्हणून विचारतील. मी काय सांगू? तुम्ही सांगाल ते करीन. या म्हणालात तर सगळ्यांसमोर सगळं खरं सांगेन.

मगन
माझ्या खोलीचा पत्ता: गल्ली नं. ६, जुने धुळे

*

नशिराबाद,
८ नोव्हेंबर १९९६

चि. मगनभाऊजी यांस आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीत घातलं. तुमची पत्रं मी आजवर एकही टाकली नव्हती.

तीन दिवस विचार केला. आज वसुबारस, गाईला घास भरवायला शेजारणी आल्या होत्या, मी दारातच बसून होते. लिहायला बळ नाही, तरी लिहिते.

दहाव्याला आबांनी सगळ्या भाऊबंदांसमोर तुमचं नाव काढलं. म्हणाले, "सुकदेवनं देवीपुढे सांगितलं, यंत्र चालू हाये, म्हणून आपन गहू घेतले. यंत्र चालू हाये, तार गेली, अन् पठ्ठ्या आला नाही. आता यापुढे त्याचं नाव घ्यायचं नाही." सगळ्यांनी माना डोलवल्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

तार परत आली हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आता सांगू शकते. पण लगेच विचारतील, दार बंद का होतं? कधीपासून? आणि मग आबा बोटांवर महिने मोजायला बसतील, आणि सगळ्यांना कळेल की सुकदेव कानबाईपुढे हात करून खोटं बोलला.

भाऊजी, तुमच्या भावानं आयुष्यात एवढं एकच खोटं सांगितलं. तेही देवीपुढे. त्याचं जे काही फळ असेल ते त्यांना मिळालं असंच मला रात्री वाटतं, आणि मी देवीसमोर बसून म्हणते, ते माझ्या पदरात घाल, त्यांच्या नको. पण गावात त्यांचा शब्द अजून खरा आहे. मळ्याच्या बांधावरून लोक जातात, ते म्हणतात, सुकदेव सरळ माणूस होता. माझ्याजवळ तेवढंच उरलं आहे.

तुम्ही आलात आणि खरं सांगितलंत तर तुम्ही मोकळे व्हाल, मला ठाऊक आहे. तुमचं नावही कदाचित परत घेतील. पण त्यांचं जाईल. आणि नाव परत मिळवायला ते स्वतः नाहीत.

म्हणून मन घट्ट करून लिहिते. तुम्ही येऊ नका. दिवाळीला नाही, वर्षश्राद्धाला नाही. शालिग्राम करील. मी तुम्हाला वाढवलं, मीच तुम्हाला दारातून परत पाठवते आहे, याहून वाईट काही बाईच्या हातून होत असेल तर मला माहीत नाही.

जेवत जा. त्या खोलीत थंडी असेल, पांघरूण चांगलं घ्या.

काल बेबाबाई विचारत होत्या, "मगनचं काही पत्र? भाऊ मेला तरी येववलं नाही का त्याले?" मी म्हटलं, नाही हो, त्याला सवड नाही. यंत्र चालू आहे.

कमल